साडूंच्या गिअरचा दांडा

उभ्या भोर तालुक्यात हेवा वाटावा असा एकच माणूस आहे, आणि माझं नशीब असं की तो नेमका माझा साडू निघाला. उत्रोलीत त्यांचं गेटं-खिडक्या बनवायचं दुकान आहे. त्यामागच्या गोठ्यातल्या म्हशी बाहेर बांधून त्यांनी तिथं चक्क स्पोर्ट्स कार बनवली. इंजिन भंगारातलं, पत्रा गेटाचा, आणि उंची इतकी कमी की शेजारून एसटी गेली तर साडू तिच्या चाकाशी गप्पा मारतायत असं वाटावं. बरं, एवढं केल्यावर माणसानं थोडी बढाई मारावी, म्हणजे आम्हाला नावं ठेवायला जागा होते. तेही नाही. कौतुक केलं की फडक्याला हात पुसत म्हणणार, "दाजी, अजून लई काम राह्यलंय."

राहिलेलं काम म्हणजे गिअरचा दांडा. गाडी बुटकी करताना सीट मागं गेली आणि दांडा राहिला पुढं, त्यामुळे तिसरा गिअर टाकताना साडूंना देवाच्या पाया पडल्यासारखं वाकावं लागे. त्यांनी दांडा कापून मागं आणला, मधे सळई जोडली, तर गिअर उलटे पडले. मागं ओढला की पहिला, पुढं ढकलला की दुसरा. मी मनातून खूश. साडूंनी मात्र उलटे गिअरच पाठ करून टाकले. वर म्हणतात कसे, "आता चोरीला न्हाई जायची." यावर माझी बायको डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. माझ्या विनोदांना ती लग्नाच्या नव्या नवलाईतसुद्धा इतकी हसली नव्हती.

मग मीही मोटार घेतली. नवी कोरी, उंच, एसीची. पालीजवळच्या वाडीत आमचे सासरे शेरडं राखायचे. कड्यावरून पडले तेव्हापासून त्यांचा उजवा गुडघा वाकत नाही, आणि थोरल्या लेकीचं, म्हणजे आमचं, भोरातलं नवं घर त्यांचं बघायचं राहूनच गेलं. त्यांना माझ्या गाडीतून माझ्या घरी आणायचं, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. वाडीवर गेलो, एसी लावून ठेवला, पण पाय काही मावेना. सीट मागं सरकवली, मागच्या बाकावर आडवं बसवलं, तर दार लागेना. शेवटी सासरेच माझी समजूत घालायला लागले, "ऱ्हाऊ द्या पाव्हणं. गाडी झ्याक हाय, माजाच पाय आडमुठा."

यंदा धोंड्याच्या महिन्यात आम्हा दोघा जावयांना वाडीवर जेवायला बोलावणं आलं. जेवून मी जरा आडवा झालो, तेवढ्यात साडूंनी सासऱ्यांना आपल्या गाडीत बसवून पाहिलं. त्या ठेंगण्या गाडीत पाय लांबच सोडावे लागतात, त्यामुळे तो हट्टी पाय ऐसपैस बसला. गुडघा तेवढा गिअरच्या दांड्याला अडत होता. साडूंनी खिशातून टेप काढली, काहीतरी मोजलं आणि आकडा तळहातावर लिहून घेतला.

पुढच्या रविवारी ती गाडी माझ्या दारात थांबली. शेजारी सासरे, टोपी हातानं दाबून धरलेली. साडूंनी दांडा पुन्हा कापून आपल्या बाजूला वाकवला होता. सासऱ्यांच्या गुडघ्याशेजारी वीतभर मोकळी जागा, आणि दर गिअरला मूठ आपटत होती ती साडूंच्या स्वतःच्या गुडघ्यावर. ते लंगडतच उतरले.

"आलो बगा तुमच्या घरी," सासरे म्हणाले. बायको पदर डोळ्यांना लावून उभी. मलाही भरून आलं, आणि खरं सांगतो, जळफळाटही झाला. हे मी करायचं होतं.

"तो दांडा आता सरळ करून घ्या," मी साडूंना म्हटलं, "गुडघ्याची वाट लागेल."

"नको दाजी. मामास्नी माघारी जायाचंय. आन पुन्यांदा यायाचंय की."

मी पुढं होऊन सासऱ्यांना उठवलं. आत जाताना त्यांनी आधाराला हात ठेवला तो माझ्या खांद्यावर. दारातल्या पायऱ्या मी मुद्दामच सावकाश चढलो.