तिसरीच्या वर्गातली सभा

वाकोल्याच्या त्या पाखाडीत, म्हणजे त्या लहानशा ख्रिस्ती वस्तीत, कॉन्सेप्टाबायला कुणी पुढारी म्हटलं असतं, तर तिनं ती शिवी समजली असती. पंचेचाळिशीची विधवा, अंगानं भरदार, बोलणं मोजकं. विहिरीमागच्या जमिनीत ती लाल माठ, मुळा, पडवळ लावायची आणि पाटी डोक्यावर घेऊन सांताक्रूझच्या बाजारात विकायची. नवरा गेल्यावर सासरच्यांनी ती जमीन तिच्या वाट्याला दिली, ती मोठ्या उदारपणानं. कारण दुसऱ्या कुणाला ती नको होती. जमिनीत काही दम नव्हता. जो काही होता तो विहिरीत. पाखाडीतली दुसरी विहीर होळीनंतर खारट व्हायची, आणि खारट पाण्यावर माठ येत नाही.

छप्पन्न साली एका साबणाच्या कारखान्याला ही विहीर आणि तिच्याभोवतीचं मोकळं रान हवं झालं. विहीर पाखाडीच्या सामाईक मालकीची, म्हणजे सगळ्यांची संमती हवी. बदल्यात नळ येईल आणि पोरांना नोकऱ्या मिळतील, असं कारखान्याच्या माणसानं सांगितलं. नळ कधी, ते सांगितलं नाही. विचारणं उद्धटपणाचं दिसलं असतं.

अशा गोष्टी ठरवायची पाखाडीची एक रीत होती. रविवारी देवळात मिस्सा झाली की माणसं खुरिसाच्या, म्हणजे क्रुसाच्या, ओट्यावर, आजूबाजूच्या दगडांवर, चिंचेखाली पसरायची. सगळे एकदम बोलायचे. पण तोंडावर ‘नाही’ मात्र कुणी म्हणायचं नाही. जो तो दुसऱ्याचा व्याही, भाचा नाहीतर पोराचा धर्मबाप. ज्याला पटलं नाही तो उठायचा, लुंगी झटकायचा आणि ‘भात उतू जात असंल’ असं पुटपुटत घरी जायचा. उठणाऱ्यांचा भात चुलीवर असो नसो. बसलेले थोडे उरले की विषय आपोआप मेला. कुणी मोजत नसे, कुणी रुसत नसे.

रुडॉल्फला ही रीत लाजिरवाणी वाटे. तो फोर्टात एका इंग्रज कंपनीत हेडक्लार्क होता, पाखाडीचा सेक्रेटरीही होता, आणि चिंचेखाली ठरलेलं कागदावर कसं उतरवायचं हे त्याला कळत नसे. कारखान्याचा विषय आला तेव्हा त्यानं सभेसाठी शाळेची खोली मागून घेतली. मिळाली ती तिसरीची.

खोली लांबट, डोक्यावर पत्रा. बाक आणि त्यापुढची फळी एकाच सांगाड्यात ठोकलेली. दोन्ही भिंतींना चिकटून बाकांच्या रांगा, मध्ये एक अरुंद वाट. दार एकच, फळ्याशेजारी. त्या दारासमोर रुडॉल्फनं टेबल लावलं, कारण वारा तेवढाच तिथं येत होता. त्यात कपट नव्हतं. कपट करण्याइतकी खोल्यांची समज त्याला नव्हती.

पहिल्या सभेला आलेले पाखाडीतले बहुतेक कर्ते पुरुष त्याच खोलीत कधीकाळी शिकलेले होते. ते आले, बाकांत शिरले, आणि त्यांचे हात आपोआप फळीवर येऊन एकमेकांत गुंतले. कॉन्सेप्टाचा धाकटा दीर जॉनी, जो गोदीत मुकादमाशी रोज हमरीतुमरी करायचा, त्यानं पाणी प्यायला जाऊ का म्हणून बोट वर केलं. रुडॉल्फनं ठराव वाचला आणि विचारलं, ‘‘कोणाची हरकत?’’ कोणी काही बोललं नाही. तोंडावर ‘नाही’ म्हणायची रीतच नव्हती. उठून जायचं तर गुडघे फळीखाली अडकलेले, आणि दारापर्यंत सगळ्यांच्या देखत टेबलाला वळसा घालून जायचं. माणसं बसून राहिली. रुडॉल्फनं लिहिलं : सर्वानुमते मंजूर.

बाहेर आल्यावर त्यांना कळलं की आपण विहीर देऊन बसलो आहोत.

‘‘आमी कुटं हो म्हनलो?’’ एकानं विचारलं.

‘‘पण उठला तरी कोण?’’ रुडॉल्फ म्हणाला, आणि हे खरं होतं.

पंधरवड्यानं दुसरी सभा ठेवली, ठराव कायम करायला. त्यानंतर सह्या. कॉन्सेप्टाला यापुढची गोष्ट कुणी समजावून सांगावी लागली नाही. तिनं त्या मोसमात मुळा पेरलाच नाही. पेरून काय पाजणार?

एप्रिलचा रविवार. पत्रा तापलेला. कारखान्याचा माणूस टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसला होता, दाराची उरलीसुरली फट अडवून. पुरुषांनी बाकांच्या कडेच्या जागा धरल्या आणि गुडघे मावेनात म्हणून पाय वाटेत पसरले. बायका आत, भिंतीकडे. कॉन्सेप्टा भिंतीला, मध्ये तिची जाऊ, जॉनीची बायको मॉनिका, कडेला जॉनी. जॉनीच्या थोरल्याला कारखान्यात घेतो असं त्या माणसानं स्वतः सांगितलं होतं. पोरगा दोन वर्षं घरी बसून होता.

रुडॉल्फनं ठराव पुन्हा वाचला. पेन्सिल उचलली. ‘‘कोणाची हरकत?’’

पत्रा तडतडला. समोरच्या रांगेत कुणीतरी खोकला आवरला.

‘‘जॉनी, उठ,’’ कॉन्सेप्टा म्हणाली.

‘‘काय?’’

‘‘मना भायेर जावाचं हाय.’’

जॉनीनं मान वळवली नाही. ती बाहेर जाणार म्हणजे काय, ते त्याला कळलं होतं. आणि तिला वाट द्यायला तो उठला तर पाखाडीला काय दिसेल, तेही. ‘‘वयनी, थांब ना जरा. झालंच आता.’’

‘‘झालं की मंग कशाला जाव?’’

मॉनिका कुजबुजली, ‘‘गो, पोटात कळ आली सांग. कोन काय बोलनार नाय.’’

‘‘कळ नाय आली.’’

कॉन्सेप्टा शाळेत कधी गेली नव्हती. त्या खोलीची भीती तिला कुणी शिकवलीच नव्हती. ती उठली. म्हणजे अर्धी उठली; मांड्या फळीखाली अडकल्या आणि बाक कर्रकन सरकला. कॉन्सेप्टा वाकलेली, दोन्ही हात फळीवर, घाम हनुवटीवरून ठिबकतोय. रुडॉल्फ म्हणाला, ‘‘शांत बसा, बाय. ज्यांना बोलायचं त्यांनी हात वर करावा.’’

तिचे हात मोकळे नव्हते. तिनं पुन्हा जोर केला. आता बाक एका अंगानं वर आला, आणि जॉनी घसरून पडणार तेवढ्यात उठून वाटेत उभा राहिला. त्याच्यामागून मॉनिका निघाली. मग कॉन्सेप्टा.

वाट अरुंद होती आणि पुरुषांच्या पायांनी भरलेली. पुढच्या बाकावरच्यानं पाय आत घ्यायला पाहिलं, जागा नव्हती, तो उभा राहिला. त्याच्या समोरचा उभा राहिला. ती पुढं सरकत गेली तसे दोन्ही बाजूंचे उठत गेले, जणू साहेब तपासणीला आला आहे. टेबलापाशी पोचली तेव्हा कारखान्याच्या माणसाला खुर्ची हलवायला उठावं लागलं. ‘‘सॉरी,’’ तो म्हणाला. ती बाहेर गेली. मागोमाग मॉनिकाही गेली, नवऱ्याकडे न बघता.

‘‘बसून घ्या,’’ रुडॉल्फ म्हणाला.

कुणी बसेना. मघाशी उभं राहणं म्हणजे केवळ वाट देणं होतं. आता बसणं म्हणजे ‘विहीर घ्या’ म्हणणं होतं, आणि तेही सगळ्यांच्या देखत, सगळ्यांत आधी. कडेचे पुरुष एकमेकांच्या गुडघ्यांकडे बघत उभे राहिले.

‘‘अहो, बसा ना!’’

जॉनी बसला. तिघांच्या बाकावर एकटा, हात फळीवर. त्याला पोराची नोकरी हवी होती आणि ते त्यानं लपवलं नाही. एवढ्यापुरता तो त्या खोलीतला सर्वांत सरळ माणूस होता. बाकीच्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मग दाराजवळचा एक जण लुंगी झटकून पुटपुटला, ‘‘भात उतू जात असंल,’’ आणि निघाला. वाट मोकळी झालीच होती. भिंतीकडच्या बायकाही सरकत सरकत बाहेर आल्या.

रुडॉल्फनं लिहिलं : सभा तहकूब. ती पुन्हा भरली नाही. कारखान्यानं पावसाळ्याआधी मानखुर्दकडे जागा घेतली.

कॉन्सेप्टानं उशिरा का होईना, माठ पेरला. एका सकाळी ती विहिरीवर पाणी शेंदत असताना जॉनी कळशी घेऊन आला. बऱ्याच दिवसांत ती दोघं बोलली नव्हती.

‘‘तुझ्यापायी माझ्या पोराची नोकरी गेली,’’ तो म्हणाला.

‘‘हो,’’ ती म्हणाली. ‘‘गेली.’’

ती वाद घालेल या तयारीनं तो आला होता. त्यानं कळशी काठावर ठेवली. दोर तिच्या हातात होता. तिनं वर आलेली बादली त्याच्या कळशीत ओतली आणि पुन्हा आत सोडली. त्यानं कळशी खांद्यावर घेतली आणि घरी गेला. पुढं कित्येक महिने तो तिच्याशी एक शब्द बोलला नाही. पाणी न्यायला मात्र रोज त्याच वेळी यायचा.