अण्णांचा शब्द आणि बदललेली ड्यूटी

आमच्या विमान कंपनीत तेव्हा दर महिन्याला नवं विमान येत होतं आणि त्यामागोमाग नवं शहर. वैमानिक मात्र होते तेवढेच. रात्री पाहिलेली ड्यूटी सकाळी तीच असेल याची खात्री नसे. कुणी आजारी पडलं, कुणाचे नियमानं ठरलेले उडण्याचे तास संपले, की आमचा फोन वाजलाच. सगळे वैतागायचे, मीही शिव्या घालायचे. पण खोटं कशाला बोलू, मला ती धावपळ भयंकर आवडायची. सांगलीजवळच्या उसाच्या गावातली पोर, नुकतीच सहवैमानिक झालेली, आणि तिच्यावाचून कंपनीचं अडत होतं.

अण्णांना, म्हणजे वडिलांना, हे सांगितलं की ते हसायचे. कारखान्यानं गाळप वाढवलं आणि ऊस आणायला गाड्याच नाहीत, तसलं तुमचं काम, म्हणायचे. अण्णा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. सगळ्या नोकरीत सुट्टीवर येणं-जाणं मिरजेहून रेल्वेनंच केलं, विमानात कधी पाऊल ठेवलं नाही. मी प्रशिक्षणाला गेले तेव्हा गावच्या डेअरीवर, दुधाच्या रांगेत, त्यांनी जाहीर केलं की बसलो तर पोरगी चालवील त्याच विमानात बसेन. फौजी माणूस चारचौघांत बोलला, म्हणजे विषय संपला. पुढे चुलतभावानं हौसेनं काढलेलं दिल्लीचं तिकीटही त्यांनी परत करायला लावलं.

म्हणून मला पुणे-बेंगळुरू ड्यूटी लागली तशी मी दोघांची जायची-यायची तिकिटं काढली. आईनं शेंगापोळ्या बांधून घेतल्या, अण्णांनी ठेवणीतला फेटा काढला. सकाळी दोघं पुण्याच्या विमानतळावर तपासणी आटोपून आत बसले आणि इकडे माझा फोन वाजला. नागपूरच्या विमानाला सहवैमानिक नव्हता. मी तिकडे जायचं, बेंगळुरूला दुसरा कुणीतरी जाईल. मी कडाकडा भांडले. समोरचा शांतपणे म्हणाला, विमान भरलंय आणि मोकळं माणूस तूच आहेस.

रडकुंडीला येऊन मी अण्णांना कळवलं. ते म्हणाले, ड्यूटी म्हणजे ड्यूटी, तू जा. पण मी काही चढणार नाही. मी विनवण्या करत होते तेवढ्यात आईनं त्यांच्या हातून फोन घेतला. मिरजेच्या दवाखान्यापलीकडे जन्मात एकटी न गेलेली माझी आई.

"शब्द त्यांनी दिलाय, मी न्हाई," ती म्हणाली. "मी चालले."

आणि गेली की खरंच. बेंगळुरूला माझ्या मैत्रिणीनं तिला उतरवून घेतलं आणि दिवसभर फिरवलं. मी नागपुरात उतरले तर पुन्हा फोन: हेच विमान बेंगळुरूला न्या, आणि तिथून संध्याकाळचं पुण्याचंही तुम्हीच करा, कारण तिथला सहवैमानिक आता तिसरीकडेच पळवलाय. आई परतणार होती ते हेच विमान. मला नाचावंसं वाटलं; अण्णांनाही लगेच फोन करून कळवलं. मी कॅप्टनना सगळं सांगून टाकलं, तेव्हा ते म्हणाले, मग पुण्यात उतरवायचं काम तुझं.

पुण्यावर वारा आडवा होता. इतक्या वेळा उतरवलं होतं, पण त्या दिवशी वाऱ्याचा आकडा मी दोनदा विचारून घेतला. चाकं टेकली तशी मी मोठ्यानं हसले.

आई माझ्यासाठी थांबली होती. आम्ही बरोबरच बाहेर पडलो. सकाळीच परत बाहेर येऊन दिवसभर तिथल्या बाकावर बसलेले अण्णा उठले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आईलाच विचारलं, "कशी चालवती?"

"आवं, टेकलं कवा ते कळलंच न्हाई," आई म्हणाली. "मला लय गाढ झोप लागली हुती."

अण्णांनी मान फिरवली, नाक शिंकरलं, घसा खाकरला. मग माझ्याकडे वळून विचारलं, उद्या तुझी ड्यूटी कुठं. मी म्हटलं, अण्णा, ते अजून कुणालाच माहीत नाही.

"मग कळंल तवर मी हितंच बसतो," अण्णा म्हणाले, आणि परत जाऊन बाकावर बसले.