डावा हात खिशात

त्यांचा डावा हात कायम पँटच्या खिशात असायचा. चहा पिताना, रस्ता ओलांडताना, फोटो काढून घेताना.

लोखंडी दाराला ते आधी हाताची मागची बाजू लावून बघायचे, मग तळवा.

पाहुण्याला खुर्ची देण्याआधी ती स्वतः हलवून बघायचे.

कुणाचं बोलणं लांबलं की मान तिरकी करायचे. एखाद्या यंत्रातली घरघर ऐकावी तशी.

मशीनचे काढलेले स्क्रू बहिणीच्या बटणांच्या डब्यात टाकायचे. बहीण रागावली की छताकडे बघायचे.

बंद टीव्हीजवळून जाताना आपला आवाज खाली आणायचे. कुणी कारण विचारलं तर म्हणायचे, झोपलाय.

आणि स्वतः दुरुस्त केलेलं पडद्यावरचं चित्र ते कधीच समोर येऊन बघायचे नाहीत. ते बघायचं काम बहिणीचं.

नाणं टाकून खेळायच्या मशीनच्या हॉलमध्ये ते दुरुस्तीला जायचे तेव्हा तिथल्या पोरांनी त्यांना खिसेकाका हे नाव ठेवलं. ती पोरं मोठी झाली, त्यांना पोरं झाली, हॉलमधली मशीनं भंगारात निघाली, नाव मात्र टिकलं. त्यांच्या थोरल्या बहिणीला सगळे ताई म्हणत. ताईंनी लग्न केलं नव्हतं, आणि खिसेकाकांचं टिकलं नव्हतं. दोघं एका लांबट खोलीत काम करायची आणि त्याच खोलीच्या माडीवर राहायची. रस्त्याच्या बाजूला ताईंचं शिवणकाम. आतल्या बाजूला काकांचं टेबल. मध्ये गिऱ्हाइकांसाठी एक उंच आरसा.

हात खिशात ठेवायचं कारण होतं. जुन्या काचेच्या पिक्चर ट्यूबमध्ये वीज साठून राहते. मशीन बंद केलं तरी राहते. दोन्ही हात आत असले तर ती एका हातातून शिरते आणि छातीतून दुसऱ्या हाताने बाहेर पडते. एकच हात असला तर माणूस शिव्या देतो, पण उठून बसतो. शिकवणीच्या काळात उस्तादाने माझा हात आत घालून खिसाच शिवून टाकला होता, असं काका सांगायचे. ताई सुईतून नजर न काढता म्हणायच्या, थापा मारू नकोस, खिसा मी शिवला होता.

बंद मशीनला हात लावण्याआधी साठलेली वीज उतरवायला ते तार बांधलेला पेचकस ट्यूबच्या बगलेत टेकवायचे. ठक् असा आवाज व्हायचा. मग पुन्हा टेकवायचे. दुसऱ्यांदा आवाज अगदी बारीक व्हायचा, तरी टेकवायचे. पहिल्यांदा तो झोपेचं सोंग घेतो, असं त्यांचं म्हणणं. ताई पाठमोऱ्या बसून शिवत असायच्या. दुसरं ठक् ऐकलं की त्यांचा पाय शिवणयंत्राच्या पायट्यावर पुन्हा चालू लागायचा. तोवर थांबलेला असायचा. हे त्यांच्या स्वतःच्याही लक्षात आलेलं नव्हतं.

चित्र जुळवायचे बारीक स्क्रू मशीनच्या पाठीमागे असतात आणि चित्र दिसतं पुढून. म्हणून काका मागे बसायचे आणि ताई हातातलं काम ठेवून पुढे उभ्या राहायच्या. ताईंना यंत्रातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्या कपड्याचं बोलायच्या. चित्राच्या बाजू आत गेल्या की म्हणायच्या, कंबर फार घेतलीस. रेघा वाकल्या की झोळ आला. लाल रंग पांढऱ्याच्या बाहेर डोकावला की अस्तर दिसतंय. काका ते ऐकून नेमका स्क्रू फिरवायचे.

"कुठे?"

"खालची कड. दुमडलीये."

"किती?"

"बोटभर. हं, आता नखभर. पुरे म्हटलं ना, ओढतोस काय."

हॉलवाल्याने, म्हणजे त्या हॉलच्या मालकाच्या पोराने, एकदा हे बघून सुचवलं होतं, की समोर आरसा ठेवला तर काकांना मागूनही दिसेल, ताईंची खोटी नको. काका म्हणाले, "आरसा उलटं दाखवतो. ताई उलट बोलते, पण उलटं सांगत नाही." ताईंना हे आवडलं. पण त्या दिवशी त्यांनी चहात साखर कमी घातली, उलट बोलते म्हणाल्याबद्दल.

आता हे सगळं संपलं आहे. खोलीला कुलूप नाही, ताई तिथेच बसतात. पण संपलं आहे.

सुरुवात कुठे झाली ते ताईंना नीट सांगता येत नाही. एकदा ठक् एकदाच ऐकू आलं. ताईंचा पाय थांबून राहिला. त्यांनी विचारलं, दुसरं कुठे गेलं. काका म्हणाले, केलं की. ताईंना वाटलं, आपलंच लक्ष नसेल. मग काका गॅस चालू ठेवून माडीवरून खाली आले. मग ओळखीच्या पाववाल्याला त्यांनी अहोजाहो केलं. पाववाला हसला. ताई हसल्या नाहीत.

त्याच सुमाराला हॉलवाल्याने एक जुनं खेळाचं मशीन आणलं. कपाटाएवढी लाकडी पेटी, तिच्यात तिरका पडदा, खाली दांडी आणि दोन बटणं. आकाशातून यानं उतरतात आणि आपण ती खालून पाडायची, असा खेळ. हॉल पुन्हा उघडायचं त्याच्या मनात होतं आणि या मशीनवर त्याचा जीव होता, कारण लहानपणी तो यावरच पहिला यायचा. दोष एकच. चित्राची खालची कड वर दुमडली जायची. शेवटच्या ओळीतली यानं एकमेकांत घुसायची.

काका म्हणाले, जुनाट दुखणं आहे, वीज साठवणारा कॅपॅसिटर वाळलाय. म्हणाले, आजच हातावेगळं करतो.

त्यांनी कॅपॅसिटर बदलला. कड तशीच. दुसरा बदलला. मग एका सकाळी ताईंनी पाहिलं, की कालच बसवलेला नवाकोरा कॅपॅसिटर ते जुना समजून काढताहेत आणि त्या जागी तसलाच दुसरा घालताहेत. चेहऱ्यावर नेहमीचं समाधान.  दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं. शहाणीसुरती बाई, पण तिला कळेना, आपल्या धाकट्या भावाला हे कुठल्या शब्दांत सांगायचं. ज्याला उभ्या जन्मात दुसरं काही येत नव्हतं, त्याला.

त्यांनी वळणावळणाने सांगून पाहिलं. आता पुरे झालं की काम, म्हणाल्या. काका म्हणाले, तू थांबव तुझं शिवणाचं मशीन, मग मी थांबतो. हॉलवाल्याला बाजूला घेऊन त्या म्हणाल्या, मशीन परत ने बाबा. त्याला वाटलं ताई कंटाळल्या. म्हणाला, होऊ दे निवांत, मला घाई नाही. त्याच्या या चांगुलपणाचा ताईंना राग आला.

मग ती दुपार. मशीन चालू होतं. काका मागे, ताई पुढे. काकांच्या बाजूला टेबलावरचा दिवा होता आणि त्या उजेडात त्यांची सावली ताईंच्या समोरच्या पांढऱ्या भिंतीवर पडायची. ती सावली ताईंनी आयुष्यभर पाहिली होती. वाकलेली पाठ आणि एक हात. कुणी चित्र काढायला सांगितलं असतं तर त्यांनी भाऊ तसाच काढला असता, एका हाताचा.

त्या दुपारी सावलीला दोन हात होते.

"कुठे?" काकांनी मागून विचारलं.

 ओरडावं तर तो दचकणार. दचकला तर हात कशाला लागेल सांगता येत नाही. पडद्यावर कड दुमडलेलीच होती, चांगली बोटभर.

"कुठेच नाही," ताई म्हणाल्या. "झालं."

"कड?"

"सरळ आहे."

"नक्की?"

"नक्की. बंद कर आता."

खटका बंद झाल्याचा आवाज आला. सावली भिंतीवरून उठली. काका पुढे आले ते काळ्या पडद्याकडे न बघता सरळ मोरीवर हात धुवायला गेले. शीळ घालत होते. फार दिवसांनी घालत होते. ताई शिवणयंत्राजवळ जाऊन बसल्या आणि त्यांना सुईत दोरा ओवता येईना.  काकांनी टॉवेलला हात पुसता पुसता ते पाहिलं.

त्यांनी स्वतःच हॉलवाल्याला बोलावलं. तो दुसऱ्याच दिवशी आला. त्याने खटका दाबला, यानं उतरली आणि खालच्या ओळीत एकमेकांत घुसली. हॉलवाला काकांकडे बघायचं टाळत राहिला. मग काका पुढे आले. खाली वाकून त्यांनी पडदा पाहिला. कड पाहिली. मग ताईंकडे पाहिलं.

ताईंनी मनाची तयारी केली होती. तो म्हणेल, खोटं का बोललीस. मग आपण सगळं सांगून टाकू. हातांचं, कॅपॅसिटरचं, गॅसचं.

काका म्हणाले, "ताई, तुला दिसत नाही का गं?"

ताई खोटं बोलल्या असतील, हे त्यांच्या मनाला शिवलंही नाही.

त्यांनी हॉलवाल्यासमोरच मशीन पुन्हा उघडलं. एक नवा कॅपॅसिटर बसवायलाही घेतला. पण मध्येच त्यांनी जोड डाखायची सोल्डरची कांडी स्टँडवर ठेवली, बटण बंद केलं आणि हॉलवाल्याला सांगितलं, ताईचे डोळे बरे होईपर्यंत हे काम राहू दे. तिच्याशिवाय मी जुळवत नाही. हॉलवाल्याने ताईंकडे पाहिलं. ताईंच्या ओठांवर खरं आलं होतं. पण भावाचा डावा हात परत खिशात गेलेला त्यांना दिसला. त्या म्हणाल्या, हो, जरा अंधुकच दिसतं हल्ली.

हे एक वाक्य त्यांना पुढे फार महागात पडलं.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या वयात असे निकोप डोळे क्वचित बघायला मिळतात. काका बाहेर बाकावर बसले होते. ताईंनी बाहेर येऊन सांगितलं, चष्म्याला वेळ लागेल म्हणाल्या. मग तो चष्मा काही येईना. आज काच मिळाली नाही, उद्या दांडी चुकली. काका पाववाल्याला सांगायचे, ताईचं जरा सांभाळून घ्या. गिऱ्हाइकांनाही सांगायचे. त्यांच्या मनात काळजी होती, पण लग्नाचे पोशाख दुसरीकडे जाऊ लागले. ताईंकडे उरले पडदे आणि उसवलेल्या बाह्या. ज्या बाईच्या डोळ्याला रेघेतला केसभर झोळ कळायचा, तिच्यासमोर लोक रंगाचं नाव मोठ्याने सांगू लागले. एकीने तर हात धरून रस्ता ओलांडून दिला. ताईंनी दिला ओलांडू.

आणि काकांना नवं काम सापडलं. रोज सकाळी ते ताईंच्या टेबलाशी बसायचे आणि सुया ओवून ठेवायचे. दोरा जिभेने ओला करायचे, एक डोळा मिटायचे. त्यासाठी दोन्ही हात लागतात. डावा हात खिशाबाहेर बघून ताई आधी अर्ध्या उठायच्या, मग त्यांना आठवायचं, सुईच आहे. काळ्या कापडाला पांढरा दोरा ओवलेला असायचा. काही सुयांत दोरा नुसता चिकटलेला असायचा, ओवलेला नसायचाच. काका वर गेले की ताई त्या पुन्हा ओवायच्या.

मशीन तिथेच होतं, पाठ उघडी. चष्मा आला की करू, काका म्हणायचे. कधीकधी म्हणायचे, हे कुणाचं कपाट इथे आणून ठेवलंय.

थंडीत त्यांना ताप आला आणि तो छातीत उतरला. माडीवरच्या खाटेवर ते पडून असायचे. एका दुपारी त्यांचं डोकं अगदी स्वच्छ होतं. ताईंना वाटलं, आता नाही तर कधीच नाही.

"मला दिसतं रे," त्या म्हणाल्या. "तेव्हाही दिसत होतं. कड दुमडलेली दिसत होती. तुझे दोन्ही हात आत होते, म्हणून मी खोटं सांगितलं."

 काकांनी ताईंचा हात थोपटला.

"असू दे. मला वाईट वाटू नये म्हणून बोलतेस," ते म्हणाले. "आणि माझे दोन्ही हात आत? मला काय वेड लागलंय?"

ताईंनी पुन्हा एकदा सांगून पाहिलं. काका हसले. म्हणाले, तुला खोटं बोलता येत नाही, कशाला प्रयत्न करतेस. मग त्यांना झोप लागली. ते त्याच आठवड्यात गेले.

काही दिवसांनी हॉलवाला आला. मशीन आहे तसं न्यायची त्याची तयारी होती, दुसरा कुणी तरी बघेल म्हणाला. ताई एका कोटाची बाही लावत होत्या. सुई त्यांनी त्याच्यासमोर ओवली, एका फटक्यात. त्याने ते पाहिलं. मग ताईंनी सांगितलं.

"कड बोटभर दुमडलेली होती. मला दिसत होती."

हॉलवाल्याने खिशातून टॉर्च काढला. मग मशीनच्या मागे जाऊन त्याने टॉर्च लावला आणि हाक मारली. ताई गेल्या. पाठीची फळी भिंतीला टेकलेली होती. तिचे स्क्रू बटणांच्या डब्यात होते. आत, धुळीत, काकांनी त्या दिवशी अर्धवट सोडलेला नवा कॅपॅसिटर होता. त्याचा एक पाय सोल्डर केलेला. दुसरा हवेत.