आतून कडी लागणारी खोली

जे माझ्या बायकोला ठाऊक नाही, मुलीला ठाऊक नाही, ते तुम्हाला सांगायला बसलोय — कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर तुम्हीही हात जोडले असते. सुरतेतल्या आमच्या समाजात मला फार मान आहे. कशाबद्दल? तर मी माझ्या आईला शेवटपर्यंत घरात ठेवलं, कुठल्या आश्रमात नेऊन टाकलं नाही. बस, एवढंच भांडवल. त्यावर मी मोठा माणूस झालो, आणि त्याचीच आता मला शिसारी येते.

गेल्या महिन्यात उधन्याच्या आमच्या विहारात वंदना झाल्यावर सगळे बसले होते. विषय होता, म्हातारपणी राहायचं कुठे? विषय निघणारच. कुणाचा मुलगा पुण्याला, कुणाची मुलगी कॅनडात, आणि आईबाप डिंडोलीत चौथ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. कामरेजच्या पलीकडे ज्येष्ठांसाठी एक वसाहत आहे, तिचं नाव बऱ्याच जणांनी ऐकलेलं. वृद्धाश्रम म्हटलं की तिथले लोक रागावतात. प्रत्येकाला आपली खोली, एकत्र जेवण, डॉक्टर दाराशी. चांगलं की वाईट, सांगा म्हणाले. आणि सांगायला उभं कुणाला केलं? मला.

माझ्यासारख्या निर्लज्ज माणसाच्या हाती तराजू दिल्यावर तो सोडतो होय? मी दोन्ही पारडी भरली. तिथे सोबत असते, म्हणालो, दुपार खायला उठत नाही. पाय घसरला तर धरायला दांडा आहे, हाक मारली तर धावून येणारं माणूस आहे. सून-सासूची भांडी वाजत नाहीत. आणि दुसऱ्या बाजूला — भाषा गुजराती, जेवणात गोड डाळ, कांदा-लसूण नाही, नातवंडांचा आवाज नाही, आपलं माणूस आजारी पडलं तर आपल्याला फोनवरून कळणार. असं सगळं तोलूनमापून बोललो. शेवटी म्हणालो की ज्यानं त्यानं आपल्या आईवडिलांना विचारून ठरवावं. विचारून! हा शब्द मी उच्चारला, आणि जीभ झडली नाही.

दुसऱ्या रांगेत मिलिंद होता, सचिन या उपनगरातल्या एका कापड रंगवायच्या कारखान्यात कामाला असलेला. शेजारी त्याची आई. तो म्हणाला की आईनंच विषय काढलाय, ती तिथं जाऊन जागा बघूनही आलीय, तिला जायचंय. पण लोक काय म्हणतील याची त्याला धास्ती. काका, तुम्ही सांगाल तसं करू, म्हणाला. त्याची आई माझ्याकडे बघत राहिली. त्या बघण्याकडे मी परत येईन. येणं भागच आहे. आधी माझ्या आईचं सांगतो.

माझे वडील उधन्याच्या रेल्वे यार्डात होते. भुसावळकडून आले ते अंगावरच्या कपड्यांनिशी. आईचा सगळा संसार चाळीतल्या एका खोलीत झाला — चूल तिथंच, आम्ही पोरं तिथंच, पाहुणे आले तरी तिथंच. वडील गेल्यावर ती माझ्याकडे आली. आमच्या फ्लॅटला दोन बेडरूम. एक आमची, एक माझ्या मुलीची, सुजाताची. आई हॉलमध्ये दिवाणावर. टीव्ही बंद झाल्यावर तिचा बिछाना पडायचा, आणि दूधवाल्याच्या बेलसरशी उचलला जायचा. साडी बदलायला ती बाथरूममध्ये जायची, ओल्या फरशीवर निऱ्या वर धरून. हे मला तेव्हा दिसत नव्हतं का? दिसत होतं. रोज दिसत होतं. आणि मी विहारात मातृसेवेवर बोलत होतो.

त्या वसाहतीचं आईला कुणीतरी सांगितलं आणि ती माझ्या मागे लागली, एकदा दाखव. मी म्हटलं चला, बघून येऊ, म्हणजे खूळ तरी जाईल. तिथला रिवाज असा की यायच्या आधी माणसानं एक अख्खा दिवस तिथं काढायचा, मग ठरवायचं. आईनं घरून कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा बांधून घेतला होता — परक्यांच्या हातचं पोटाला चालतं न चालतं म्हणून. मी मनात म्हटलं, ठीक आहे, आपोआपच वेगळी पडेल.

नाही पडली. जेवायच्या टेबलावर शेजारी सविताबेन म्हणून एक बाई होत्या, शिक्षिका होत्या पूर्वी. आईनं बसायच्या आधीच सांगून टाकलं होतं की आम्ही बौद्ध. ती तसंच करायची, आधी सांगायची, मग बसायची. सविताबेननी विचारलं, हे काय बांधून आणलंय? आणि उत्तर यायच्या आत आईच्या ताटातला भाकरीचा तुकडा मोडून तोंडात घातला. ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. पदरानं डोळे पुसले आणि अजून एक तुकडा घेतला. "बेन, फरी आवो त्यारे पण लावजो," म्हणाल्या. पुन्हा याल तेव्हाही आणा.

परतीच्या वाटेवर आई भाकरीचं रिकामं फडकं मांडीवर घेऊन गाडीत बसली होती. कडोदऱ्याच्या चौकात ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा एकदम म्हणाली, "दाराले आतून कडी आहे."

मला वाटलं, आता पुढं काही सांगेल. बाग आहे, डॉक्टर आहे. नाही. तिला तेवढंच सांगायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा आपण आतून कडी लावू शकू, असं स्वतःच्या खोलीचं दार तिनं पाहिलं होतं.

आता पैशाची सबब मला नाही. वडिलांची पेन्शन तिच्या नावावर येत होती, ती पुरली असती. बायकोची सबब नाही — ती म्हणाली होती, जाऊ द्या त्यांना, त्यांच्या मनात आहे. काही दिवसांनी तिथल्या संचालक बाईंचा फोन आला. आईचे गुडघे दुखतात हे लक्षात ठेवून त्यांनी खालच्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली राखून ठेवली होती. खिडकीजवळ कोनाडा आहे, आईंना बुद्धाची मूर्ती ठेवता येईल, असंही म्हणाल्या. "बाने क्यारे लावो छो?" कधी आणताय आईला?

आणि मला काय आठवलं असेल? विहार आठवला. रविवारची पहिली रांग आठवली. लोक म्हणतील, रोज दुसऱ्याला शहाणपण शिकवतो आणि स्वतःच्या आईला कामरेजच्या पलीकडे सोडून आला. शिवाय सकाळचे डबे कोण करणार होतं? बायकोची सकाळची शाळा, सुजाताचा क्लास, माझं ऑफिस. तीन डबे. हेही आठवलं. लपवत नाही. तराजूच्या एका पारड्यात माझ्या आईची खोली होती आणि दुसऱ्यात माझी वाहवा आणि पोळीभाजी. पोळीभाजीकडचं पारडं खाली गेलं.

मी बाईंना सांगितलं, आईचा विचार बदलला.

मग घरात आलो. आईनं पिशवी भरून दिवाणाखाली ठेवलेली होती. धुतलेल्या साड्या, चष्म्याचं घर, टॉवेलात गुंडाळलेली पितळी मूर्ती, आणि सविताबेनसाठी डब्यात कळण्याचं पीठ. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. नाही म्हणाले, एवढंच मी बोललो. का, असं तिनं विचारलं. गुडघ्यांचं सांगता आलं असतं, जागा भरली म्हणता आलं असतं, काय वाटेल ते सांगता आलं असतं. पण तिनं पुन्हा कधी हट्ट धरू नये, असं काहीतरी मला हवं होतं. मी म्हणालो, "आडनाव विचारलं त्यांनी."

तीन शब्द. आणि धड खोटेही नाहीत — आडनाव सगळ्यांनाच विचारतात. पुढचं वाक्य मी बोललोच नाही. बोलायची गरज नव्हती. पुढचं तिला आयुष्यभर पाठ होतं.

आमच्या लग्नानंतर अडाजणला भाड्यानं घर बघितलं होतं तेव्हा आई सोबत होती. मालकानं हसून खोल्या दाखवल्या, चहा पाजला, आणि संध्याकाळी दलालाचा निरोप — त्यांच्या भाच्याला जागा हवी आहे. तोंडावर कोणी नाही म्हणत नाही हो, निरोप मागून येतो. मी माझं खोटं नेमकं त्याच मापानं शिवलं. तो अपमान या शहरात शंभर ठिकाणी खरा आहे, आम्ही तो गिळलाय. आणि जिथं तो नव्हता, तिथं तो मी माझ्या हातानं नेऊन ठेवला. आपली माणसं उगाच कांगावा करतात, असं म्हणणाऱ्यांशी मी ऑफिसात किती भांडलोय! आणि मी स्वतः काय केलं?

आई "बरं" म्हणाली. रडली नाही, चिडली नाही. पिशवी ओढून तिनं मूर्ती काढली, टॉवेल घडी करून ठेवला, आणि मला जेवायला वाढू का, असं विचारलं. त्या कळण्याच्या पिठाच्या भाकरी आम्ही खाल्ल्या. मी नेहमीपेक्षा जास्तच खाल्ल्या.

सविताबेनचा फोन यायचा. आईच्या छोट्या मोबाइलवर नाव दिसायचं, ती बघायची आणि फोन उशीखाली सरकवायची. मी एकदा म्हटलं, घे की. कशाला म्हटलं कोण जाणे, ढोंगाचीही सवय लागते. तेव्हा ती बोलली. "तिनं माह्या ताटातली भाकर खाल्ली व्हती," म्हणाली. "मंग ते बी खोटंच व्हतं का रे?"

हिसकावून घेणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. नुसती खोली गेली असती तर एक वेळ — नाही, तसंही म्हणत नाही. पण एका बाईनं न विचारता तिच्या ताटात हात घातला होता. तिच्या आयुष्यात असं किती वेळा झालं असेल? त्या एका घासावर मी थुंकलो. आणि खरं सांगून टाकायला तोंडात शब्दही होते. "ते खोटं नव्हतं, आई." एवढंच म्हणायचं होतं. मी पंख्याचं बटण वाढवलं आणि आत गेलो.

फोन यायचे थांबले. आई त्यानंतर बरीच वर्षं जगली, दिवाणावर. शक्य आहे की तिला तिथं करमलं नसतं. गोड डाळीला कंटाळली असती, महिन्याभरात परत ने म्हणाली असती. पण ते तिनं ठरवायचं होतं, मी नाही. ती गेली तेव्हा पुण्यानुमोदनाला हॉल भरला होता. असा मुलगा सगळ्यांना मिळो, असं एक जण म्हणाला, आणि मी मान खाली घातली. लोकांना ती नम्रता वाटली.

आता मिलिंदकडे येतो.

मी बोलून बसलो, टाळ्या झाल्या, मिलिंदनं आपलं विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत सुजाता उठली. माझी मुलगी. ती कापडाच्या डिझाइनचं काम करते, बोलते निम्मं गुजरातीत, पण त्या दिवशी शुद्ध मराठीत बोलली. म्हणाली, पप्पा मनानं मोठे आहेत म्हणून त्यांनी एक गोष्ट सांगितली नाही. माझ्या आजीला त्याच जागेनं आडनाव विचारून परत पाठवलं होतं. आजी मला भाड्याची खोली बघायला जातानासुद्धा सांगायची — "आडनाव आधी सांगत जाय बाई, म्हणजे भरलेली पिशवी रिकामी करा लागत नाही." मग कुणीतरी शिवी दिली, कुणी म्हणालं निषेध केला पाहिजे, कुणी म्हणालं त्यांच्या फाटकावर जाऊ.

मिलिंद उभा राहिला. चेहरा उतरलेला होता. "काका," म्हणाला, "खरंच असं झालं होतं?"

त्याच्या प्रश्नात शंका नव्हती. त्याला फक्त माझ्या तोंडून ऐकायचं होतं. त्याची आई पदराचं टोक मुठीत धरून माझ्याकडे बघत होती — कडी पाहून आलेली बाई. सुजाता बघत होती. बायको बघत होती. एक शब्द पुरला असता. "नाही." नुसतं "नाही." पुढचं सगळं मग बाहेर आलं असतं, मी पहिल्या रांगेतून उठलो असतो, आणि ती बाई आपल्या खोलीत गेली असती.

मी म्हणालो, "हो."

मिलिंदची आई खाली बघू लागली. "मले वाटलंच व्हतं," ती हळूच म्हणाली, आणि मुठीतला पदर सोडून तिनं तो डोक्यावर घेतला. मिलिंदनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. जाताना तो माझ्या पाया पडला, आणि मी पडू दिलं.