खालनं पहिली ओळ

रेवणप्पाला कॉम्प्युटर जमू नये, असं मला मनापासून वाटत होतं. खोटं कशाला बोलू? आमच्या टॉवेलच्या कारखान्यात तो चौकटीच्या कागदावर नक्षी काढायचा. तो कागद वाचून मी पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडायची. पत्ते मागावर चढले की टॉवेलात मोर उतरायचा. सव्वीस वर्षं आमचं हेच काम. माणूस सज्जन, पण हट्टी लई. नक्षीत घुसला की मालकांनी हाक मारली तरी मान वर करायचा न्हाय.

यंदा पत्त्याविना चालणारे माग आले. कॉम्प्युटरपुढं खुर्ची एकच. मालक म्हणले, आधी रेवणप्पा शिकेल, त्याला न्हाय जमलं तर मथुराबाईला, म्हणजे मला, बघू; राहिलेला पॅकिंगला. शिकवायला काव्या नावाची पोरगी आली. चोपन्नाव्या वर्षी हा बाबा माऊस धरून घामाघूम व्हायचा, चुकला की कानडीत पुटपुटायचा. मी मागं उभी राहून सगळं डोळ्यात साठवायची. त्याच्यासाठी जीव तुटायचा आणि आतनं बरं बी वाटायचं. जेवण गोड लागंना झालं होतं.

परीक्षेला त्यानं एका लॉजच्या टॉवेलाची नक्षी एकट्यानं केली. मोर, आणि खाली लॉजचं नाव. नजर अधू, म्हणून चौकटीची घरं एवढी मोठी केलेली की पडद्यावर अख्खा मोर कधी दिसलाच न्हाय. टॉवेल विणून आला तर मोराचे पाय वर आणि अक्षरं पाण्यातल्या सावलीसारखी पालथी. नुसता मोर असता तर टॉवेल फिरवून खपवला असता. नाव कसं फिरवणार?

मालक माझ्याकडं बघायला लागले. काव्या वायरी तपासत बसली. मला तर बघताक्षणी कळलं होतं. कापड खालनं वर विणलं जातं, म्हणून आमची पहिली ओळ खालची. पडद्यावर पहिली ओळ वरची. त्यानं सवयीनं पाय पहिल्या ओळीला काढले होते.

गप बसायचं होतं मला. पण रेवणप्पा मान खाली घालून उभा होता, ते काही सोसवलं न्हाय.

"रेवणप्पा, तुमी खालनं मोजलं. तितं वरनं मोजायचं असतंय."

दुसरा टॉवेल सरळ आला. खुर्ची त्याची झाली आणि मी पॅकिंगला आले. स्वतःचाच राग राग आला.

आज सकाळी तो पॅकिंगमधे आला. घुटमळला. "मथुराबाई, रोज काहीतरी विसरतंय. जरा मागं येऊन उभ्या ऱ्हावा की."

टाळकंच सणकलं माझं. मी म्हणलं, "मागं उभी ऱ्हानार न्हाय मी. दुसरी खुर्ची मागा मालकांना."

तो मालकांच्या खोलीत गेलाय. अर्धा तास झाला. मी टॉवेलांच्या घड्या घालतीय, आणि एक बी सरळ पडंना झालीय.