लिंबाची फोड आणि जादूगार

राग विसरणारी बाई मी नाही. तो विनोदी जादूगार परत येणार, असं ओरडत रिक्षा आमच्या गल्लीतून गेली तेव्हा मी पोळ्या लाटत होते. लाटणं हातातच थांबलं. मनात म्हटलं, ये बाबा, तुझीच तर वाट बघून राहिले होते.

मागच्या वर्षी वसमतच्याच मंगल कार्यालयात त्यानं माझ्या आईला स्टेजवर बोलावलं होतं. बाबा गेल्यापासून आई हळदीच्या गोदामात हळद निवडायला जाते. त्या कामानं हात बारा महिने पिवळे राहतात, नखांच्या कडा तर कधीच साफ होत नाहीत. आमच्याकडे त्याचं कुणाला काही वाटत नाही. जादूगारानं तिच्या तळहातावर चिमूटभर हळद ठेवली, काहीतरी पुटपुटला, वरून बोट फिरवलं, आणि हळदीचं लालभडक कुंकू झालं. टाळ्या पडल्या. मग तो नाटकीपणानं म्हणाला, "सांगा मावशी, कसं झालं हे?"

आईला वाटलं, माणूस खरंच विचारतोय. हळदीतलं काही कुणी विचारलं की ती सांगणारच. ती म्हणाली, "तुमच्या बोटाला चुना हाय की."

ते फक्त पुढच्या रांगेला ऐकू आलं. त्याचा चेहरा उतरला, पण माइक त्याच्या हातात होता. "अहो मावशी, तुमचे हात तर आधीच पिवळे! हळद लागली वाटतं. नवरदेव कुठाय?"

सगळं कार्यालय खो खो हसलं. गोदामातल्या बायकाही हसल्या, ज्यांचे स्वतःचे हात तितकेच पिवळे होते. त्याच्यापेक्षा मला त्यांचाच जास्त राग आला. दुसऱ्या दिवसापासून गोदामात आईचं नाव 'नवरीबाई' पडलं. विधवा बाईला नवरीबाई! आई कुणाला उलटून बोलली नाही. ती रोज संध्याकाळी लिंबाची फोड घेऊन मोरीत बसायची आणि हात चोळत राहायची. लग्नाकार्याला जाणं तिनं सोडलं. कुठं जावंच लागलं तर हात पदराखाली. वर्षभर मोरीतून तो लिंबाचा वास यायचा आणि माझं डोकं तापायचं. त्या वासातच मला उपाय सापडला. चुन्यानं हळद लाल होते आणि लिंबानं परत पिवळी, हे आमच्याकडे लहान लेकरूही सांगेल.

"मी न्हाई येत त्या खेळाला," आई म्हणाली.

"तू मागं बस. वर मी जाते."

"वर कशाला?"

"बघ तर खरं."

ती आली, पण सगळ्यात मागच्या रांगेत बसली. मी पुढं. रुमालात लिंबाची फोड होती. बाकीचे खेळ चालू असताना मी ती तळहातावर पिळत होते. त्यानं टोपीतून कोबी काढला, एका मास्तरांच्या कानातून पापड काढला, लोक हसून हसून लोळत होते. मी एकदाही हसले नाही. कुंकवाच्या खेळासाठी "कुणी ताई येतील का?" असं त्यानं विचारलं, तेव्हा त्याचं वाक्य संपायच्या आत मी अर्ध्या पायऱ्या चढले होते.

त्यानं मला ओळखलं नाही. हळद ठेवली, पुटपुटला, बोट फिरवलं. हळद पिवळीच. त्यानं परत बोट फिरवलं, जोर लावून. तरी पिवळीच. त्याच्या कपाळावर घाम आला आणि मला इतका आनंद झाला की सांगायची सोय नाही. एक वाक्य मी वर्षभर घोकलं होतं: 'काय हो, तुमचा नवरदेव पळाला का?' मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यानं माइक तोंडाशी नेला.

"मंडळी, जिच्या मनात राग असतो ना, तिच्या हातावर कुंकू येत नाही! हिच्या घरच्यांचं कसं होत असेल हो?"

तेच हसू. तीच माणसं. माझं वाक्य त्या हसण्यात बुडालं. हात पुढं करून मी तशीच उभी राहिले, कान नुसते पेटले होते.

"तिच्या हाताला लिंबू हाय!"

मागून आवाज आला. आई उभी होती. मला वाटलं, संपलं, आता हीच मला तोंडघशी पाडणार. ती खुर्च्यांमधून सरळ चालत स्टेजपाशी आली.

"लिंबू हाय म्हणून हुईना, भाऊ. ओल्या फडक्यानं पुसा, मंग तुमच्या बोटाचा चुना लागंल. मागल्या साली तुमीच इचारलं व्हतं, कसं झालं म्हणून. मी सांगून राहिले व्हते, तर तुमी नवरदेव काढला."

तिच्याकडे माइक नव्हता, तरी शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेलं. कुणी हसलं नाही. गोदामातल्या बायका खाली बघत होत्या. जादूगारानं चुन्याचा हात हळूच कोटाच्या खिशात घातला.

आईनं ते पाहिलं. तिनं पदर सोडला आणि दोन्ही पिवळे हात त्याच्यासमोर धरले.

"काहून लपवता? मी बी वर्सभर लपवले."

आई वळून आपल्या जागेवर गेली. मी खाली उतरून तिच्याजवळ गेले आणि म्हटलं, चल घरी.

"काहून? बस गपचूप. तिकीट काढलंय, पुढचं बघू दे."

त्यानं पुढचा खेळ सुरू केला. रिकाम्या डब्यातून कबूतर निघालं. आईनं टाळ्या वाजवल्या, पिवळे हात पार डोक्यावर नेऊन, सगळ्यांना दिसतील असे. मी नाही वाजवल्या.