मौनाचं उद्यापन

माझी नणंद वैजयंती लंडनच्या वेम्बलीत जन्मली, वेम्बलीतच वाढली आणि ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांची दुःखाची गाणी, गायला लागली. लग्न होऊन मी पुण्याहून आले तेव्हा रीतसर ‘वन्सं’ म्हटलं, तर मोडक्या मराठीत म्हणाली, “अगं, वन्सं नको म्हणू, मी काय म्हातारी झाला? व्ही म्हण.” तेव्हापासून ती व्ही.

लहानपणी शाळा सुटली की ती शेजारच्या जमैकन बाईंकडे थांबायची, कारण सासूबाई फॅक्टरीत असायच्या. त्या बाई इस्त्री करता करता रेकॉर्डी लावायच्या, आणि पोरीने तिथेच सूर धरला. पुढे दिवसभर पोस्टाच्या काउंटरवर बसायची आणि शनिवारी कॅमडेनच्या पबमध्ये गायची. मग नोकरी सुटली, तीन रेकॉर्डी निघाल्या, एडिनबरापर्यंत लोक तिकिटं काढून यायला लागले. आमच्या मराठी मंडळात मात्र सासूबाईंनी शेवटपर्यंत ‘ती क्लासिकल करते’ असंच सांगितलं. त्या गेल्यावर मीही तेच रेटलं. खरं सांगायची हिंमत नव्हती, दुसरं काय!

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात तिचा आवाज फाटायला लागला. स्वरतंतूवर गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, गाठ काढू, पण आवाज पूर्वीसारखा येईलच असं सांगता येत नाही. हॉस्पिटलला जाताना गाडीत तिने मला विचारलं, “रेखा, what if it doesn’t come back? मग मी कोण गं?” मी ‘सगळं ठीक होईल’ असलं काहीतरी बोलले. माझा मलाच राग आला.

ऑपरेशननंतर दहा दिवस ती आमच्याकडे राहिली. एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. तिखट बंद, चहा बंद, कॉफी बंद. माझ्या मुलीच्या पाटीवर लिहून ती सगळं सांगायची. आणि महिना नेमका श्रावणाचा. तिसऱ्या दिवशी मंडळाच्या श्यामलाकाकू आल्या. सोफ्यावर व्ही मांडी घालून, डोळे मिटून, मांडीवर पाटी घेऊन बसलेली, समोर बिनफोडणीचा वरणभात. काकूंनी तिथल्या तिथे हात जोडले.

“मौनव्रत! अगं, इथे जन्मलेली मुलगी आणि केवढी निष्ठा! किती दिवसांचं?”

“दहा,” मी म्हणाले. तेवढंच खरं होतं. ऑपरेशन म्हटलं असतं तर कसलं, कशाने, कुठे गाते, सगळं निघालं असतं. पाटीवर व्हीने लिहिलं, WHAT IS SHE SAYING? मी पाटी पुसून टाकली.

एवढ्यावर थांबल्या तर त्या श्यामलाकाकू कसल्या! अकराव्या दिवशी दुपारी चार बायका घेऊन त्या दारात हजर. ईलिंग रोडवरून आणलेला नारळ, ओटीचं सामान, डबाभर साखरभात. व्रताचं उद्यापन करायचं म्हणे, आणि व्रत सोडताना तिच्या तोंडून पहिलं देवाचं नाव ऐकायचं. पहिल्यांदा आवाज काढून बघायला आवाजाच्या थेरपिस्टने नेमकी तीच वेळ दिली होती. पाच मिनिटं, फक्त गुणगुणायचं, गळ्यावर जोर नाही. बायकांना घालवून द्यावं असं मनात होतं, पण व्हीने हातानेच त्यांना बसायला सांगितलं. माझा जीव टांगणीला लागला.

तिने ओठ मिटले. आधी नुसती हवा आली. मग एक खरखर. मग ती थांबली, आणि मी देवाला काय काय कबूल केलं ते सांगत नाही. तिने पुन्हा श्वास घेतला आणि सूर लागला. पूर्वीपेक्षा खालचा, जरा जाडसर, पण सरळ आणि भरलेला. तिचाच! माझा जीव भांड्यात पडला. मी पाच बायकांसमोर पदर नसलेल्या स्वेटरला डोळे पुसले. व्ही गुणगुणताना हसत होती.

ती थांबल्यावर काकू हळूच म्हणाल्या, “कुठला अभंग गं हा?”

बास झालं, मला वाटलं. “काकू, अभंग नाही. नवरा सोडून गेलेल्या बाईचं गाणं आहे. सकाळी उठून ती रिकाम्या खुर्चीला चहा विचारते. आणि व्रत नव्हतं, घशाचं ऑपरेशन होतं. ही असलीच गाणी गाते, पबमध्ये.”

बोलून गेले आणि जीभ चावली. श्यामलाकाकूंचे यजमान पंच्याऐंशी साली लेस्टरला गेले ते परत आलेच नाहीत, हे सगळ्या मंडळाला माहीत होतं आणि कोणी कधी काढत नव्हतं.

काकूंनी मांडीवरचा नारळ खाली ठेवला.

“पुढे काय करते ती?” त्यांनी व्हीला विचारलं.

व्हीने घड्याळाकडे बोट दाखवलं. पाच मिनिटं संपली होती. तिने पाटी ओढली आणि वाकड्यातिकड्या मराठीत लिहिलं, ‘उद्या.’

“किती वाजता येऊ?” काकू म्हणाल्या.